पुस्तक वाचलं होतं का?

गोष्ट तशी बरीच जुनी आहे, पण अजूनही मधूनच आठवते आणि खजील करते. एका मासिकासाठी मी एका मराठी विज्ञानकथासंग्रहाचं परीक्षण लिहिलं होतं. संग्रहात आठ कथा होत्या. पाच सुमार, दोन ठीकठाक आणि एक, तिसऱ्या क्रमांकाची, खरोखर चांगली. एका कथेत तर चार प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याकडे पाठवलेल्या संदेशाला त्याच संध्याकाळी उत्तर येत होतं! वाचताना मी समासात पेन्सिलीने चांगलं ठसठशीत उद्गारचिन्ह काढून ठेवलं होतं. परीक्षणात मात्र यातलं काहीच आलं नाही. मी लिहिलं, 'मराठी विज्ञानसाहित्यात मोलाची भर', 'वाचकाला अंतर्मुख करणाऱ्या कथा', 'मुखपृष्ठ समर्पक'. तुम्ही असली परीक्षणं शेकड्याने वाचली असतील.

यामागे माझा एक हिशोब होता. मराठीत मुळात विज्ञानकथा लिहिणारे मोजके. त्यात प्रकाशक मिळून पुस्तक निघणं म्हणजे नवलच. तेव्हा आपण कशाला दगड मारा? रोपटं लहान आहे, पाणी घालूया, छाटणी पुढे बघू. मी स्वतःला विज्ञानकथेचा कट्टर चाहता म्हणवतो, मग चाहत्याने आपल्या माणसांना सांभाळून घ्यायला नको का?

दोन-तीन महिन्यांनी पुण्यात एका कार्यक्रमात ते लेखक भेटले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, निवृत्त शिक्षक. चहाचा कप हातात घेऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "परीक्षण वाचलं तुमचं. आभारी आहे. एक विचारू? रागावू नका. पुस्तक वाचलं होतं का तुम्ही?"

मी गडबडलोच. "अहो सर, म्हणजे काय! सगळं वाचलं."

"नाही, ती तिसरी कथा आहे ना... ती लिहायला मला दोन वर्षं लागली हो. चार वेळा फाडून टाकली. तिच्याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून विचारलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळे तर जास्तच लागलं. पाच वाईट कथांना वाईट म्हणायचं टाळताना मी एका चांगल्या कथेला चांगलं म्हणायचंही राहून गेलो होतो. सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू लावलं की कोणाचाच मान राहत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. कॉलेजात असताना मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं. डेमन नाइट या अमेरिकन माणसाचं 'इन सर्च ऑफ वंडर'. हे विज्ञानकथांच्या परीक्षणांचं पुस्तक आहे, १९५६ साली निघालेलं. शिकागोतल्या काही विज्ञानकथाप्रेमींनी 'ॲडव्हेंट' नावाची छोटी प्रकाशनसंस्था काढली आणि तिच्यातर्फे ते छापलं. तेव्हा घेतलं ते स्वस्त मिळालं म्हणून. त्या रात्री मात्र मी ते वेगळ्याच कारणासाठी वाचायला बसलो. विज्ञानकथेवर जीव टाकणारी माणसं विज्ञानकथेबद्दल लिहायला कशी लागली, आणि ती एवढं कडक लिहून एकमेकांचे मित्र कसे राहिले, हे मला समजून घ्यायचं होतं.

ती हकीगत सुरू होते १९२६ च्या एप्रिलमध्ये. लक्झेंबर्गमधून अमेरिकेत आलेल्या ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं मासिक काढलं. फक्त विज्ञानकथा छापणारं पहिलं इंग्रजी मासिक ते हेच. पहिल्या अंकात नव्याने लिहिलेलं फारसं नव्हतं. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर ॲलन पो यांचंच जुनं साहित्य पुन्हा छापलं होतं. पण गर्न्सबॅकने पुढे एक साधी गोष्ट केली. वाचकांची पत्रं छापायला सुरुवात केली आणि पत्राखाली वाचकाचा पूर्ण पत्ता दिला.

आता हा पत्ता छापणं म्हणजे काय ते लक्षात घ्या. एखाद्या लहान गावातला पंधरा वर्षांचा मुलगा. त्याच्या घरी, शाळेत, शेजारी कोणालाही चंद्रावर जायच्या गोष्टींत रस नाही. मास्तर म्हणतात, काय हा कचरा वाचतोस? आणि एक दिवस मासिकात त्याला दिसतं की तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावात आपल्यासारखाच एक वेडा आहे! त्याने गेल्या महिन्याच्या कथेतली चूकसुद्धा काढली आहे. तो लगेच त्याला पत्र टाकतो. अशी शेकडो पत्रं इकडून तिकडे गेली. पत्रांतून मंडळं झाली. १९३० च्या मे महिन्यात 'द कॉमेट' नावाचं चाहत्यांनीच काढलेलं पत्रक निघालं, ते या प्रकारातलं पहिलं मानतात. १९३४ साली तर गर्न्सबॅकने 'वंडर स्टोरीज' या आपल्या नंतरच्या मासिकातर्फे 'सायन्स फिक्शन लीग' ही संघटनाच काढली. चाहत्यांच्या या पत्रकांना पुढे 'फॅनझिन' हे नाव पडलं.

आपल्याकडच्या हस्तलिखितांची आठवण येते ना? साताऱ्याला आमच्या शाळेत दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. अक्षर चांगलं म्हणून ज्याला लिहायला बसवत त्याची मान मोडायची, आणि प्रत एकच. अमेरिकेतली ही पोरं जरा पुढे होती. त्यांच्याकडे हेक्टोग्राफ होता. एका ताटात जिलेटिनची वडी थापायची, तिच्यावर जांभळ्या शाईने लिहिलेला कागद दाबायचा आणि मग एकेक कोरा कागद लावून प्रती उचलायच्या. पन्नासेक प्रती निघाल्या की अक्षर फिकट व्हायचं. ज्यांची ऐपत जास्त ते सायक्लोस्टाइल करायचे. अंक पोस्टाने जायचा, बऱ्याचदा पैशांऐवजी दुसऱ्याच्या अंकाच्या बदल्यात.

या अंकांत असायचं काय? थोड्या कथा, थोडी भांडणं आणि पुष्कळशी परीक्षणं. याचं कारणही सरळ आहे. वर्तमानपत्रं आणि प्रतिष्ठित नियतकालिकं या स्वस्त कागदावरच्या मासिकांची दखल घेत नव्हती. विज्ञानकथेला समीक्षकच नव्हता. मग जो वाचत होता, त्यालाच बोलणं भाग होतं.

या बोलणाऱ्यांत कोण कोण होतं ते पाहिलं की गंमत वाटते. ब्रुकलिनमधल्या एका दुकानदाराचा मुलगा. बापाच्या दुकानात मासिकं विकायला यायची, पण बाप पोराला हात लावू देत नसे. १९२९ साली पोराने युक्ती केली. 'सायन्स वंडर स्टोरीज' या नावातला 'सायन्स' शब्द दाखवला, की बघा, हे शास्त्राचं आहे! परवानगी मिळाली. १९३५ पासून या मुलाची पत्रं 'अस्टाउंडिंग' मासिकात छापून यायला लागली. कुठली कथा जमली, कुठली फसली, विज्ञानकथेत उगाच प्रेमप्रकरणं आणि बायका कशाला घुसडता, अशी मतं तो ठासून मांडायचा. शेवटच्या मुद्द्यावर त्याने बऱ्याच जणांशी वाद ओढवून घेतला. १९३८ साली तो आपली पहिली कथा घेऊन संपादकांच्या कचेरीत गेला. ती नाकारली गेली, पण तो जात राहिला. हा मुलगा म्हणजे आयझॅक असिमॉव्ह.

लॉस एंजेलिसमधल्या रे ब्रॅडबरीने १९३९ ते ४० या काळात स्वतःचं फॅनझिन काढलं, चार अंकांचं. फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ, डोनाल्ड वोलहाइम हे न्यूयॉर्कच्या 'फ्युचरियन' नावाच्या टोळक्यातले. टोळकंच म्हणायला हवं, कारण १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा यांच्यातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवलं होतं. हे आत आले की गोंधळ घालतील अशी आयोजकांना भीती. जगाच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या मंडळींचं पहिलंच जागतिक संमेलन, हजर माणसं साधारण दोनशे, आणि त्यातही बहिष्कार! आपल्याला साहित्य संमेलनांची सवय असल्याने यात नवल वाटू नये.

डेमन नाइट या सगळ्यांत उशिरा आला. जन्म १९२२ चा, ऑरेगनमधला. शाळकरी वयातच त्याने एकट्याने फॅनझिन काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'स्नाइड', म्हणजे साधारण 'खवचट'! पुढे तो न्यूयॉर्कला येऊन फ्युचरियनांत सामील झाला. १९४१ साली त्याची एक कथा वोलहाइमच्या मासिकात आली, पण संपादनातल्या एका चुकीमुळे तिचा शेवट कोणाला कळेना. थोडक्यात, १९४५ साली तेवीस वर्षांचा हा तरुण कोणीच नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन अंकांत 'अस्टाउंडिंग'मध्ये ए. ई. व्हॅन व्होग्टची 'द वर्ल्ड ऑफ नल-ए' ही कादंबरी क्रमशः आली. व्हॅन व्होग्ट मूळचा कॅनडाचा. १९३९ च्या 'ब्लॅक डिस्ट्रॉयर'पासून तो वाचकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. हाइनलाइन, असिमॉव्ह यांच्या जोडीने त्याचं नाव घेतलं जाई. 'नल-ए'चा नायक गिल्बर्ट गॉसीन एका यंत्रासमोर परीक्षा द्यायला येतो आणि त्याला कळतं की आपल्या आठवणी खोट्या आहेत, आपली बायको म्हणून जी आपल्याला आठवते ती दुसरीच कोणी आहे. मग तो मारला जातो. आणि शुक्रावर दुसऱ्या शरीरात जागा होतो! पुढेही असेच एकामागून एक धक्के. व्हॅन व्होग्टची पद्धतच ती होती. सुमारे आठशे शब्दांचा एक प्रसंग, आणि दर प्रसंगात एक नवा गुंता.

मी ही कादंबरी एकोणिसाव्या वर्षी वाचली. रात्रभर जागून. सकाळी डोकं गरगरत होतं आणि कोणी विचारलं असतं की यात नेमकं काय झालं, तर मला सांगता आलं नसतं. पण एवढी भारी कादंबरी मला कळली नाही, तर दोष माझाच असणार, असंच मी धरून चाललो होतो.

नाइटलाही ती कळली नव्हती. फरक एवढाच, की दोष आपला नाही हे म्हणायची त्याची तयारी होती. त्याने एका फॅनझिनसाठी लांबलचक परीक्षण लिहिलं. 'नल-ए' कादंबरी वाईट आहे असं नुसतं म्हटलं नाही, पानोपानी दाखवून दिलं. या प्रकरणात पात्राला जे माहीत आहे ते पुढच्या प्रकरणात त्याला माहीत नाही. इथे सुरू केलेला धागा पुढे कुठेच जात नाही. हा खलनायक असं का वागतो, याला कारण नाही. कादंबरी ज्या नव्या तर्कशास्त्राचा डंका पिटते, ते वापरून एकही पात्र विचार करताना दिसत नाही. वाक्यं ओबडधोबड. आणि एवढ्यावर न थांबता त्याने व्हॅन व्होग्टच्या एकूणच लेखनावर तोफ डागली.

आता विचार करा. लेखक लोकप्रियतेच्या शिखरावर. परीक्षण लिहिणारा तेवीस वर्षांचा, अनोळखी. छापणारं पत्रक मूठभर चाहत्यांचं. खरं तर हे परीक्षण विसरलं जायला हवं होतं. पण तसं झालं नाही. ते हातोहाती फिरलं, कारण पुष्कळांच्या मनात जे होतं ते कोणीतरी पुराव्यानिशी लिहिलं होतं. १९५६ च्या पुस्तकात ते आलं आणि त्याच वर्षी नाइटला उत्कृष्ट पुस्तक परीक्षक म्हणून ह्यूगो पुरस्कार मिळाला. हो, तोच ह्यूगो, गर्न्सबॅकच्या नावाचा. पत्ता छापण्यापासून सुरू झालेली गोष्ट तीस वर्षांत परीक्षणाला पुरस्कार देण्यापर्यंत आली होती.

नाइटचं म्हणणं साधं होतं. विज्ञानकथा ही गंभीरपणे घ्यायची गोष्ट असेल, तर तिला वेगळा, सवलतीचा मापदंड लावू नका. चांगल्या कथेकडून जी अपेक्षा असते, म्हणजे सुसंगती, खरी वाटणारी माणसं, नीट भाषा, ती इथेही ठेवा. वाईट परीक्षणांनी विज्ञानकथेचं नुकसान होत नाही, वाईट पुस्तकांनी होतं, ही त्याची धारणा होती. जेम्स ब्लिश हा लेखकही तेव्हा 'विल्यम ॲथलिंग ज्युनियर' या टोपणनावाने असंच कडक लिहीत होता. आणि थिओडोर स्टर्जनने १९५० च्या दशकात आपला तो सुप्रसिद्ध नियम मांडला. लोक म्हणतात विज्ञानकथेतला नव्वद टक्के माल टाकाऊ असतो. खरंच आहे, पण मग कुठल्याही क्षेत्रातला नव्वद टक्के माल टाकाऊच असतो! (त्या हिशोबाने आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के चांगल्या कथा असलेला आमच्या सरांचा संग्रह सरासरीच्या वरच होता. हे तरी मी लिहायला हवं होतं.)

इथवरची हकीगत मला आधीही माहीत होती. त्या रात्री मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं.

व्हॅन व्होग्टने ते परीक्षण वाचलं. त्याला ते लागलं असणारच. पण त्याने ते दुर्लक्षिलं नाही. १९७० साली 'नल-ए'ची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात त्याने काही डागडुजी केली आणि प्रस्तावनेत नाइटच्या टीकेची नाव घेऊन दखल घेतली, आपली बाजूही मांडली. म्हणजे एका चाहत्याच्या परीक्षणाला लेखकाने पंचवीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर! अमुक मान्य, तमुक अमान्य. पण तू माझं पुस्तक वाचलंस, हे त्यात गृहीत आहे.

दुसरीकडे फिलिप के. डिकसारखा लेखक व्हॅन व्होग्टच्या बाजूने उभा राहिला. त्याचं म्हणणं, नाइटला जमीन नसलेलं घर बांधलेलं खपत नाही, पण खरं जगच तसं विस्कळीत आहे त्याचं काय? डिकच्या स्वतःच्या कादंबऱ्या वाचल्यात तर हे तो मनापासून म्हणत होता हे पटेल.

आणि सगळ्यात मला हलवून गेलं ते नाइटचं नंतरचं वागणं. सुमारे तीस वर्षांनी व्हॅन व्होग्टने सांगितलं, की त्या काळात लिहिताना तो दर दीड तासाने गजर लावून उठत असे आणि पडलेली स्वप्नं कथेसाठी टिपून ठेवत असे. हे कळल्यावर नाइटने जाहीरपणे लिहिलं, की असं असेल तर या कथांवर नेहमीच्या कसोट्या लावून हल्ला करण्यात अर्थ नाही. स्वप्नाची म्हणून एक सुसंगती असते, ती वाचकाला भिडत असेल तर बाकीची विसंगती कदाचित गैरलागू आहे. ज्या परीक्षणाने त्याचं नाव झालं, त्याच परीक्षणातून त्याने एक पाऊल मागे घेतलं. मला एकोणिसाव्या वर्षी जे गरगरलं होतं, त्याचंही उत्तर मला त्यात सापडलं. मी स्वप्न वाचत होतो आणि त्यात गणित शोधत होतो.

कडक लिहिण्याची किंमत त्याने मोजली नाही असं नाही. १९६० च्या सुमारास तो ज्या मासिकात पुस्तकांचं सदर लिहीत होता, त्यांनी त्याचं एक परीक्षण छापायला नकार दिला. त्याने परीक्षणं लिहिणंच सोडलं. पण त्याच माणसाने १९५६ पासून लेखकांनी एकत्र जमून एकमेकांच्या कथा तपासायच्या कार्यशाळा भरवल्या आणि १९६५ साली अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांची संघटना उभी केली. लेखकांचा तो शत्रू असता तर ही कामं त्याच्या हातून झाली नसती.

आता आपल्याकडे येतो. मराठीत कडक लिहिण्याची परंपराच नाही असं कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. साठोत्तरी अनियतकालिकांची पिढी याच सायक्लोस्टाइलच्या आधाराने उभी राहिली. अशोक शहाणे यांनी १९६३ साली 'मनोहर'मध्ये मराठी वाङ्मयावर 'क्ष-किरण' टाकले, तेव्हा केवढी खळबळ उडाली! पण ही सगळी झोंबाझोंबी मुख्य प्रवाहातल्या साहित्याची. विज्ञानकथा तिच्या बाहेरच राहिली. विज्ञानकथेला आपण वेगळ्याच खोलीत बसवलं, शास्त्रप्रसाराच्या. तिथे कथेला विचारायचा प्रश्न एकच. यातून विज्ञान कळतं का? कथा म्हणून ती उभी राहते का, हे विचारणं जवळजवळ उद्धटपणाचं वाटायचं.

आणि गंमत पाहा. आपल्या विज्ञानकथेतलं सगळ्यांत मोठं नाव ज्या घटनेने सुरू होतं, ती घटना नेमकी उलट सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपली आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी ते नाव तयार केलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती.

ही हकीगत आपण नेहमी कौतुकाने सांगतो, पण एक मजेदार किस्सा म्हणून. तिचा अर्थ काय आहे? त्या वेळी नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळालेलं. त्यांच्या नावाने कथा आली असती तर कुठल्या परीक्षकाची तिला नाकारायची छाती झाली असती? त्यांनी नाव लपवलं ते याचसाठी. मला माझ्या नावावर जोखू नका, कथा वाचा. ब्लिशने टोपणनाव घेतलं ते खरं लिहिता यावं म्हणून. नारळीकरांनी घेतलं ते खरं ऐकता यावं म्हणून.

आणि आम्ही वाचकांनी पुढे काय केलं? नाव कळल्यावर जोखणंच सोडून दिलं. 'यक्षांची देणगी'पासून त्यांची पुस्तकं येत गेली, आम्ही ती हावरटासारखी वाचली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनाही वाचलं. पण नारळीकरांच्या कुठल्या कथेत माणसं जिवंत आहेत आणि कुठल्या कथेत ती नुसती शास्त्राची माहिती सांगायला उभी आहेत, लोंढ्यांना जे जमतं ते दुसऱ्याला का जमत नाही, हे आम्ही चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोललो आणि लिहिलं मात्र कधीच नाही. कॉलेजात माझ्या हाती भित्तिपत्रक होतं. त्यावरही मी लिहिलं ते 'विज्ञानकथेचे भीष्माचार्य' छापाचंच. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा सगळीकडे श्रद्धांजलीचे लेख आले. बहुतेकांत तो जगतापांचा किस्सा होता. वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी आपल्याकडे एक गोष्ट मागितली होती. प्रामाणिक वाचन. ती त्यांना त्या एका स्पर्धेनंतर कितीदा मिळाली असेल?

हे सगळं त्या पहिल्या रात्री सुचलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री मी एवढंच केलं. सरांचा संग्रह पुन्हा काढला, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि त्यांना पत्र लिहायला बसलो. फुलस्केपची चार पानं झाली. कथेगणिक लिहिलं. प्रकाशवर्षांची चूक लिहिली. कुठल्या दोन कथांत शेवट आधीच कळतो ते लिहिलं. तिसऱ्या कथेवर दीड पान लिहिलं. तिच्यातली म्हातारी आजी यंत्राशी बोलताना आधी त्याला 'अहो' म्हणते आणि शेवटी 'अरे' म्हणायला लागते, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही लिहिलं. आणि दुसऱ्यांदा वाचताना सुमारपैकी एक कथा मला पहिल्यापेक्षा बरी वाटली, तेही कबूल केलं. पाकीट पेटीत टाकताना हात जरा थबकला. वाटलं, म्हातारा माणूस, दुखावला गेला तर?

दहा दिवसांनी उत्तर आलं. सहा पानं! प्रकाशवर्षांची चूक त्यांच्या नातीनेही काढली होती, ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार होते. शेवट कळतो म्हणालो त्या दोन कथांपैकी एकीबद्दल त्यांनी हार मानली. दुसरीबद्दल मात्र मला चांगलंच सुनावलं होतं, की तुम्ही घाईत वाचलीत, पान अमुकवर बघा. मी पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

आजीबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, की 'अहो'चं 'अरे' कुठे करायचं ते ठरवायलाच एक वर्ष गेलं.

मासिकातलं ते परीक्षण मला मागे घेता आलं नाही, छापलं ते छापलं. पण तेव्हापासून एक नियम मी पाळतो. समासात जी खूण केली, ती लेखात यायलाच हवी. पटलं नाही तर तसं लिहायचं, आणि पुढे मत बदललं तर तेही लिहायचं. अधूनमधून कोणीतरी रागावतं. पण पुस्तक वाचलं होतं का, असं त्यानंतर मला कोणी विचारलेलं नाही.